निशिकांत हर्डीकरांचा कॅडी

निशिकांत हर्डीकर गोल्फ वाईट खेळत, यात त्यांचा फारसा दोष नव्हता. पंचेचाळिशी उलटल्यावर हातात पहिल्यांदा काठी धरणाऱ्या माणसाकडून कुणी काही अपेक्षाच करू नये. दोष असला तर एवढाच, की जेवढं वाईट खेळत त्याच्या दसपट ते गोल्फविषयी बोलत.

हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत ते ऑपरेशन्सचे मॅनेजर होते. सिंगापुरात येऊन अठरा वर्षं झाली होती. त्यातली पहिली सात वर्षं त्यांनी आंग मो किओमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली, पण त्या सात वर्षांचा उल्लेख त्यांच्या तोंडून कधी ऐकू येत नसे. नव्या माणसाला वाटावं, हे पुण्याहून विमानात बसले ते थेट ईस्ट कोस्टच्या महागड्या काँडोतच उतरले. काँडो झाला आणि त्यापाठोपाठ गोल्फ आला. खालच्या मजल्यावरचा अश्विन नावाचा बँकेतला माणूस रविवारी चारचौघांना घेऊन मलेशियात जोहोरला किंवा फेरीबोटीने इंडोनेशियातल्या बातामला जाई, त्या टोळीत हर्डीकर शिरले. तिकडच्या मैदानांवर प्रत्येक खेळाडूमागे एक कॅडी असे. खेळाडूची बॅग सांभाळायची, गवतातला चेंडू शोधायचा, डोक्यावर छत्री धरायची आणि चेंडू पाण्यात गेला तरी ‘गुड शॉट, सर’ म्हणायचं, हे कॅडीचं काम. त्यामुळे हर्डीकरांची एक पक्की समजूत झाली होती. गोल्फच्या मैदानावर माणसं दोन प्रकारची असतात, खेळणारी आणि बॅग उचलणारी.

ही समजूत घेऊन ते दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये बायकोसह स्कॉटलंडला गेले.

तिथून परतल्यापासून त्यांनी स्कॉटलंडची गोष्ट किती घरांत सांगितली, याला मोजदाद नाही. कुणाच्या मुंजीचं जेवण असो, नव्या फ्लॅटची वास्तुशांत असो, हर्डीकर हातात सरबताचा ग्लास घेऊन मधोमध उभे राहत आणि म्हणत, की स्कॉटलंडच्या गोल्फरांसारखी प्रेमळ जात जगात नाही. मग त्यांच्या कॅडीची गोष्ट येई. अलिस्टर नावाचा म्हातारा. काय नम्रपणा, काय सेवाभाव. अठरा होल बॅग खांद्यावर घेऊन चालला आणि चेहऱ्यावरचं हसू ढळलं नाही. “आपल्याकडच्या माणसांना हे शिकवायला हवं,” असं ते शेवटी म्हणत. ‘आपल्याकडची माणसं’ म्हणजे घरी भांडी घासणारी, कार्यालयात चहा देणारी वगैरे.

हे ऐकताना उल्का, म्हणजे त्यांची बायको, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पुऱ्या मांडत असे. तिला खरं काय ते माहीत होतं. तिने ते दोन वर्षं कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, सांगितलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला दर वेळी थोडा थोडा जास्त वीट येत होता.

खरं होतं ते असं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर किनरॉय नावाचं एक लहानसं गाव आहे. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये वाळूच्या उंचसखल टेकड्या, त्यांच्यावर आखूड गवत आणि त्या गवतावर गोल्फचं मैदान. असल्या मैदानाला तिथे लिंक्स म्हणतात. झाड औषधालाही नाही आणि वारा असा, की बोललेला शब्द शेजारच्याला न मिळता समुद्रात जातो. हर्डीकर दोघंच गेले होते. किनरॉयच्या गोल्फरांमध्ये एक जुनी रीत आहे. परका माणूस एकटा खेळायला आला, तर त्याला एकट्याला फिरू द्यायचं नाही. जो कुणी हाताशी असेल त्याने आपला खेळ बाजूला ठेवून त्याच्याबरोबर जायचं, वारा कुठून वळतो आणि कुठला खड्डा दिसत नाही ते सांगायचं. ज्या दिवशी कुणीच हाताशी नसतं त्या दिवशी क्लबचा कॅप्टन, म्हणजे त्या वर्षापुरता निवडलेला अध्यक्ष, जातो.

त्या सकाळी क्लबच्या दारातून एक उंच म्हातारा बाहेर आला. कोपरांवर ठिगळं लावलेला स्वेटर, चिखलाचे बूट. तो हसत हर्डीकरांकडे आला आणि त्याने हात मिळवायला उजवा हात पुढे केला.

हर्डीकरांनी त्या हातात आपल्या बॅगेचा पट्टा दिला.

उल्का दोन पावलांवर उभी होती. म्हाताऱ्याने पट्ट्याकडे पाहिलं, हर्डीकरांकडे पाहिलं, मग बॅग खांद्यावर टाकली आणि आज वारा नैर्ऋत्येकडून आहे असं सांगत तो चालू लागला. अठरा होल त्याने ती बॅग वाहिली. हर्डीकर त्याला ‘अलिस्टर, चेंडू’ म्हणत आणि तो काटेरी झुडपात शिरे. मागून खेळत येणाऱ्यांत गावची बेकरी चालवणारी मोइरा होती, बस चालवणारा एक लालबुंद माणूस होता. त्यांनी अलिस्टरच्या खांद्यावरची बॅग पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. उलट तेही झुडपात चेंडू शोधू लागले. सातव्या होलपाशी उल्काचे कापडी बूट भिजून चिंब झाले, तेव्हा मोइराने बॅगेतून आपले जादा लोकरी मोजे काढून दिले आणि उल्का ते घालीपर्यंत तिला आडोसा करून उभी राहिली.

खेळ संपला तेव्हा सगळ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढून एकमेकांशी हात मिळवले. हर्डीकरांनी बाकीच्यांशी मिळवले. अलिस्टरच्या हातात त्यांनी घडी केलेली नोट ठेवली.

क्लबमध्ये शेगडीजवळची खुर्ची उल्कासाठी आधीच मोकळी केलेली होती. अलिस्टरची बायको जीन तिथे होती. तिने गरम सूपचा वाडगा पुढे ठेवला, उल्काचे बूट शेगडीपाशी उलटे करून ठेवले, आणि दहा मिनिटांत असं बोलू लागली की जणू या दोघी एका शाळेत होत्या. अलिस्टरने ती नोट बारवरच्या, बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाइफबोटीच्या दानपेटीत टाकलेली उल्काने पाहिली. मग तिची नजर भिंतीवर गेली. लाकडी फळीवर सोनेरी अक्षरांत क्लबच्या कॅप्टनांची नावं होती, शंभरेक वर्षांची. शेवटचं नाव त्या वर्षीचं होतं. अलिस्टर मॅथिसन.

उल्काने जीनकडे वळून पाहिलं. ती काही बोलायच्या आत जीन म्हणाली, “राहू दे. तो मजेत आहे.” आणि पावाची टोपली पुढे सरकवली.

पलीकडे हर्डीकर बस चालवणाऱ्याला सिंगापुरातल्या जागांचे भाव सांगत होते.

गाडीत सांगू, असं उल्काने ठरवलं. गाडीत ते खुशीत होते. हॉटेलात सांगू म्हटलं, तर ते अश्विनला फोनवर कॅडीची गोष्ट सांगत होते. एकदा गोष्ट सांगून झाली की ती खोटी ठरवणं म्हणजे हर्डीकरांना खोटं ठरवणं, आणि अठ्ठावीस वर्षांच्या संसारात उल्काने ते कधी केलं नव्हतं. त्याला ती समजूतदारपणा म्हणत असे. किनरॉयनंतर तिला तो शब्द जरा महागडा वाटू लागला. जीनला मात्र ती नाताळात न चुकता पत्र पाठवी.

यंदाच्या जानेवारीत जीनची मेल आली. मुलीला भेटायला ऑस्ट्रेलियाला जाताना दोघं सिंगापुरात दोन रात्री थांबणार होती. तुम्हाला सवड असली तर भेटू, नसली तर मुळीच धावपळ करू नका, असं तिने लिहिलं होतं. उल्काने नाश्त्याच्या टेबलावर ती वाचून दाखवली. हर्डीकरांनी तारखा विचारल्या आणि पोह्यांचा चमचा खाली ठेवला.

त्या दिवसांत हर्डीकरांच्या डोक्यात एकच विषय होता. सिंगापुरातल्याच एका जुन्या गोल्फ क्लबात त्यांनी सभासदत्वासाठी अर्ज केला होता. दोन वर्षं थांबल्यावर नंबर लागला होता. आता दोन पायऱ्या उरल्या होत्या. आधी कमिटीच्या दोन माणसांबरोबर एक दिवस खेळायचं, आणि मग आठवड्याने पतीपत्नींनी कमिटीसमोर मुलाखतीला बसायचं. खेळायचा दिवस शुक्रवार होता. अलिस्टर गुरुवारी पोचत होता.

“देवाने पाठवला बघ,” हर्डीकर म्हणाले. “बाकी सगळे विजेच्या बग्गीतून जाणार. आणि माझ्यामागे स्कॉटलंडचा कॅडी बॅग घेऊन चालतोय. कमिटी जन्मात विसरणार नाही. त्याला लिही, त्याचे काय पैसे होतील ते देऊ म्हणून.”

त्यांची मुलगी गार्गी कॉलेजला निघाली होती. ती बुटाची नाडी बांधता बांधता आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, ही इज नॉट युवर स्टाफ, ला.”

“तू गप्प बस. त्याला आनंदच होईल.”

आनंद होईल हे खरंच होतं, आणि उल्काला त्याचीच धास्ती वाटली. लिहिलं असतं तर तो आला असता. पंचाहत्तरीचा माणूस, सिंगापूरच्या दमट उन्हात, हर्डीकरांची बॅग खांद्यावर घेऊन अठरा होल चालला असता आणि हसत राहिला असता. आणि ती आपली पुऱ्या मांडत राहिली असती.

“अहो, ते कॅडी नाहीत,” ती म्हणाली.

“मग कोण आहे?”

“त्या वर्षी ते क्लबचे कॅप्टन होते. त्याआधी चाळीस वर्षं गुरांचे डॉक्टर. तुमच्याशी हात मिळवायला आले होते. तुम्ही बॅग दिलीत.”

चेहऱ्यावर लाज यायला जेवढा वेळ लागतो तेवढा उल्काने त्यांना दिला. मग आणखी थोडा दिला. त्यांच्या कपाळावर आठी आली, ती विचार करणाऱ्या माणसाची होती.

“कॅप्टन,” ते म्हणाले. “म्हणजे त्याला क्लबच्या कागदावर शिफारसपत्र देता येत असेल ना?”

मग दोन वर्षं ही गोष्ट लपवल्याबद्दल त्यांनी उल्काला बरंच सुनावलं. मुख्य तक्रार अशी, की एवढी मोठी ओळख फुकट पडून राहिली. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये अश्विन भेटला तेव्हा हर्डीकर त्याला सांगत होते, की त्यांचे जुने स्नेही कॅप्टन मॅथिसन मुद्दाम त्यांना भेटायला सिंगापुरात येताहेत. अश्विनने विचारलं, कॅडीचंही नाव अलिस्टरच होतं ना. हर्डीकर म्हणाले, तिकडे ते नाव फार असतं.

गुरुवारी त्यांनी पाहुण्यांना मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. उल्काने घरी जेवायला बोलवू म्हटलं होतं, ते त्यांनी उडवून लावलं. कॅप्टनला कुणी वरणभात वाढत नाही. जेवणभर त्यांनी अलिस्टरला कॅप्टन म्हटलं. अलिस्टरने दोनदा सांगितलं की त्याची मुदत केव्हाच संपली, सध्या मोइरा कॅप्टन आहे, तीच ती बेकरीवाली. हर्डीकर ‘वंडरफुल’ म्हणाले आणि वाइन ओतायला लागले. फळं यायच्या आत त्यांनी पत्राचा विषय काढला. अलिस्टर लगेच हो म्हणाला. त्याने कधी कुणाला नाही म्हटलं असेल असं वाटत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी हर्डीकर नवा टीशर्ट घालून कमिटीबरोबर खेळायला गेले, आणि उल्का दोघांना टॅक्सीने घरी घेऊन आली. तिने थालीपीठं लावली, लोणी काढलं. जीन ओट्यापाशी उभी राहून तव्यावर थालीपिठाला बोटांनी भोकं कशी पाडतात ते बघत होती आणि मग तिने स्वतः एक लावलं. ते फाटलं, तेच तिने आधी खाल्लं.

अलिस्टर तिसऱ्या थालीपिठावर असताना उल्काने माफी मागितली. दोन वर्षं जमवून ठेवलेली वाक्यं होती, ती निम्मीही आठवली नाहीत.

“मी गुरांचा डॉक्टर,” अलिस्टर म्हणाला. “गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आयुष्य काढलं. कुणी हातात बॅगेचा पट्टा दिला म्हणून मला काय होणार?”

“पण तुम्ही सांगायला हवं होतं.”

“आलेल्या माणसाला पहिल्याच होलला ओशाळं करायचं? आणि अठराव्यापर्यंत त्याला आपोआप कळेल, असं मला वाटलं.”

जीनने उल्काच्या हातावर हात ठेवला आणि लोणी मागितलं.

जीनच्या पर्समध्ये क्लबची मुद्रा छापलेले जुने कागद होते. गठ्ठा संपता संपत नाही म्हणून ती त्यावर बाजाराच्या याद्या लिहीत असे. अलिस्टरने त्यातला एक कोरा कागद घेतला, चष्मा लावला आणि म्हणाला, मी पाहिलं तेवढंच लिहिणार. लिहून झाल्यावर त्याने कागद उघडाच उल्काच्या हातात दिला. तो असा होता:

“मी श्री. हर्डीकर यांच्याबरोबर एकदा अठरा होल चाललो. त्यांची बॅग माझ्याकडे असल्यामुळे त्यांचा खेळ मला जवळून बघता आला. त्यांना खेळाची हौस आहे. त्यांच्या पत्नी उल्का त्या वाऱ्यात अठराही होल आमच्याबरोबर चालल्या. हरवलेल्या नऊ चेंडूंपैकी सात त्यांनी शोधले, आणि निघताना त्यांना तिथल्या प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं. ही दोघं किनरॉयला पुन्हा आली, तर त्यांच्याबरोबर कुणीतरी नक्की चालेल.”

खाली सही आणि ‘माजी कॅप्टन’.

उल्काने दोनदा वाचलं. सुधारून लिहा असं सांगता आलं असतं, बॅगेचं वाक्य गाळा म्हणता आलं असतं. तिने कागदाची घडी केली आणि हर्डीकर आल्यावर त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी वरची क्लबची मुद्रा पाहिली, खालची सही पाहिली, बोटाने कागदाचा जाडपणा तपासला आणि पत्र अर्जाच्या फायलीत लावलं. मधलं वाचण्याची त्यांना गरज वाटली नाही. शिफारसपत्रात काय असतं ते त्यांना माहीत होतं, त्यांनी स्वतः शेकडो लिहिली होती.

मुलाखतीला कमिटीचे तिघं होते. मधल्या खुर्चीत मिसेस को नावाच्या पांढऱ्या केसांच्या बारीक बाई होत्या. हर्डीकरांनी आपली नोकरी, आपला काँडो, खेळभावना आणि समाजसेवा या विषयांवर सुमारे दहा मिनिटं भाषण केलं. मिसेस को फाईल चाळत होत्या. पत्रापाशी त्या थांबल्या. त्यांनी ते वाचलं, मग पुन्हा वर जाऊन वाचलं.

“किनरॉयच्या कॅप्टननी तुमची बॅग उचलली?” त्यांनी विचारलं.

हर्डीकर हसले. ते हसू मध्येच अडकलं. फाईलकडे वाकून त्यांनी कागदावर नजर टाकण्याचा प्रयत्न केला, पण कागद उलट्या बाजूला होता. मग ते म्हणाले, की स्कॉटिश लोक असेच, फार मोठ्या मनाचे.

“हो, पण हे घडलं कसं?” मिसेस कोंना खरोखर कुतूहल होतं.

हर्डीकरांनी उल्काकडे पाहिलं. लोकांची नावं, मुलीचा वाढदिवस, भाच्याचं शिक्षण, जिथे जिथे त्यांची गाडी अडे तिथे तिथे ते असेच तिच्याकडे बघत आणि ती उरलेलं वाक्य पुरं करून देई. “सांग ना,” ते मराठीत म्हणाले. “काहीतरी चांगलं सांग.”

“अलिस्टरनी हात मिळवायला हात पुढे केला,” उल्का इंग्रजीत म्हणाली. कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवलेलं, प्रत्येक शब्द सुटा उच्चारलेलं तिचं इंग्रजी. “यांनी त्या हातात बॅग दिली. यांना ते कॅडी वाटले.”

कमिटीतला एक जण खोकला.

“आणि ते कोण होते हे कळलं तेव्हा?” मिसेस कोंनी विचारलं.

“तेव्हा यांनी हे पत्र मागितलं.”

यानंतर फारसे प्रश्न झाले नाहीत. निघताना मिसेस को दारापर्यंत आल्या आणि उल्काला बाजूला घेऊन दोन वाक्यं बोलल्या.

टॅक्सी ईस्ट कोस्टच्या हमरस्त्याला लागली. हर्डीकर म्हणाले, की चूक त्या अलिस्टरची होती. कॅप्टन आहे तर माणसाने तसे कपडे घालावेत. तोंडावर गोड आणि कागदावर असं, हे लोक मुळात आतल्या गाठीचे. आणि उल्कालाही शब्द जपून वापरता आले असते. उल्का खिडकीबाहेर बघत होती. बंदरात यायला थांबलेली जहाजं ओळीने उभी होती.

“ती बाई तुला काय म्हणाली?” त्यांनी विचारलं. “माझ्याबद्दल काही?”

“नाही. गुरुवारी सकाळी त्या चारपाच बायका खेळतात. मी चालायला येईन का, म्हणून विचारत होत्या.”

“तुला? तुला काठी धरता येत नाही.”

“ते मी सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, चालता येतं ना.”

हर्डीकरांनी थोडा विचार केला. मग ते सीटवर सरळ बसले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“जा तू,” ते म्हणाले. “अवश्य जा. आणि चालता चालता माझ्या अर्जाचं हळूच काढ.”

गुरुवारी उल्का गेली. चारपाच मैल चालली, मिसेस कोंचे दोन चेंडू शोधून दिले, आणि परतताना सगळ्यांची नावं तिला पाठ झाली होती. अर्जाचं तिने काही काढलं नाही. सोमवारी क्लबचं पत्र आलं, ते दोन ओळींचं होतं. त्या शनिवारी एका बारशाला हर्डीकर मधोमध उभे राहून सांगत होते, की त्या क्लबचा दर्जा हल्ली फार घसरला आहे म्हणून त्यांनीच अर्ज मागे घेतला. कुणीतरी उल्काला हाक मारून विचारलं, खरं का हो वहिनी.

“नाही,” उल्का म्हणाली, आणि बाळाला घ्यायला आत गेली.